नऊ खणांचा कोठा

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

अप्पांनी आज होकार दिला. पूर्ण होकार नाही. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "एक बॅच कर. जमली तर कोठा ठेवू. न्हाय जमली तर दसरा झाल्यावर माणिकप्पा येऊन लाकूड उतरवून न्हेतील. मग मला कायबी म्हणायचं न्हाय."

मी बरं म्हणालो. 

शेतातला आमचा दगडी कोठा, म्हणजे जुना गोठा, मला कळते तेव्हापासून रिकामा आहे. बैल बाहेर बाभळीखाली बांधतात. माणिकप्पा लोहारा गावचे, जुन्या घरांचे सागवान विकत घेतात. दोनदा येऊन आमच्या खांबांवर बोटाने टकटक करून गेले. मला तिथे रेशमाच्या अळ्या वाढवायच्या आहेत. तुतीची एक एकर लागवड मागच्या वर्षीच केली आहे. पत्र्याचे शेड आमच्याकडच्या उन्हात भट्टी होते आणि अळीला गारवा लागतो. आज दुपारी दोन वाजता बाहेर ३३ होते, कोठ्यात २७. हे मी अप्पांना तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी ते उठून गेले.

माझ्यावर भरवसा नसणार. कोंबड्या केल्या त्या उन्हाने मेल्या. मोबाइल दुरुस्ती अर्धवट राहिली. शाळा नववीत सुटली. म्हणून या वेळी सगळे लिहून ठेवणार आहे. चूक झाली तर कुठे झाली ते तरी सापडेल.

५ ऑगस्ट, सोमवार

कोठा झाडला. साप निघाला नाही, एक कात निघाली. सगळे मोजले. लांबी छत्तीस फूट, रुंदी सत्तावीस. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. एका ओळीत तीन, असे नऊ खण. प्रत्येक खणाला खडूने नंबर दिला. दारातून आत गेल्यावर समोरचे तीन खण एक, दोन, तीन. चौथा मधल्या ओळीत डाव्या हाताला, भिंतीकडचा.

सागवानी खांब सोळा. एकही खांब भिंतीत चिणलेला नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभे केले आहेत. माळवदाचा, म्हणजे फळ्यांवर माती चोपलेल्या छताचा, सगळा भार खांबांवर आहे, भिंत नुसती आडोशाला. त्र्याण्णवच्या भूकंपात दक्षिणेची भिंत बाहेर पडली, पण माळवद जागेवर राहिले. ती भिंत नंतर विटांची बांधली.

दारावरच्या दगडात "फसली १३४२" कोरले आहे. शंभुलिंग हे माझे नाव पणजोबांचे, त्यांनीच हा कोठा बांधला. निजामाच्या फसली सालात ५९० मिळवायचे असतात, म्हणजे १९३२. खांबांना दाव्यांनी पडलेल्या खाचा आहेत, त्यात माझे बोट पूर्ण बसते. बहात्तरच्या दुष्काळात इथे सरकारी कडबा ठेवत, आणि भूकंपानंतर दोन महिने मदतीचे धान्य. असे गावात सांगतात. अप्पांना विचारले तर म्हणाले, "तुला अळ्या पाळायच्या का पोवाडा लिहायचा?"

१९ ऑगस्ट, सोमवार

रात्रीच्या पावसात चौथा खण गळला. बाकीचे आठ कोरडे.

शांताक्का आत्या आमच्याकडेच राहतात. अप्पांची थोरली बहीण. माळवद कसे दुरुस्त करायचे ते त्यांनी सांगितले. वरची माती काढायची, खालच्या फळ्या बघायच्या, मग लिंबाचा पाला चार बोटे जाड अंथरायचा म्हणजे वाळवी लागत नाही, आणि त्यावर पांढरी माती घालून चोपायची.

"पांढरी कुठली आणायची?" मी विचारले.

"जुन्या गावातली. तिच्यासारखी माती न्हाय. पाणीच धरत न्हाय."

जुने गाव म्हणजे भूकंपात पडलेले. आमचे नवे गाव तिथून दीड कोसावर वसवले. मी संध्याकाळी ट्रॅक्टर मागितला तर अप्पा म्हणाले, "तिथली माती आणायची न्हाय."

"का? फुकट तर आहे."

"ओढ्याकाठची आण."

ओढ्याकाठची तेवढी चांगली नाही. पण दीड कोसाचे डिझेल वाचते हे खरे.

२४ ऑगस्ट, शनिवार

चौथा खण पूर्ण केला. फळ्या ठणठणीत निघाल्या, फक्त त्यांच्यात बोट बोट फटी पडल्या आहेत. जुना पाला कुजून केव्हाच मातीत मिसळला होता. ताजा पाला पाच भारे लागला. चोपताना हात सोलले. खाली उतरल्यावर वर बघून वाटले की पणजोबांनी काम पास केले असते. अप्पा दारापर्यंत आले, बाहेरूनच बघितले आणि गेले. 

७ सप्टेंबर, शनिवार

आज गावात गणपती बसले. आमच्यात बसत नाहीत. त्र्याण्णवपासून बंद आहे.

मी कोठा धुऊन औषध मारले, रॅक बसवले. दारावर पाटी लावली. तंबाखू बंद, मिश्री बंद, उदबत्ती बंद, हात धुतल्याशिवाय प्रवेश नाही. अळीला कसलाही वास, कसलेही औषध चालत नाही.

तुतीचा पाला कापायला कडूबाई येणार आहेत. अप्पांच्या वयाच्या आहेत. पाटीकडे बघून म्हणाल्या, "हे वाचायचं कुणी? अळ्यांनी?"

मी वाचून दाखवले.

"माझ्या तंबाखूनं माझा नवरा चाळीस वर्सं मेला न्हाय, तुझ्या अळ्या कशानं मरत्यात?"

तरी पिशवी बाहेर बाभळीच्या फांदीला अडकवली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अळ्या आल्या. दोन वेळा कात टाकलेल्या, दीडशे अंडीपुंजांच्या, म्हणजे दीडशे माद्यांच्या अंड्यांतून निघालेल्या. इतक्या लहान की कागदावर राखाडी दोऱ्याचे तुकडे सांडल्यासारखे दिसते. बोटाने चिरडतील म्हणून पिसाने पसरल्या. नऊही खणांत रॅक भरले. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला पाला. मी इथेच झोपणार.

कडूबाई आत येत नाहीत. पाला दारात टाकतात. मी म्हटले, "मावशी, तुमच्या घरावर स्लॅबच आहे की."

"स्लॅब येगळा. माळवदाखाली एकदा गाडली गेल्ते, दुपारपातूर. आता पुरे."

आमच्या गावातली त्या वयाची बरीच माणसे अशी आहेत. अप्पाही भारा उंबऱ्यावर ठेवून वळतात. पण त्यांचे कारण वेगळे आहे. त्यांना हे सगळे पोरखेळ वाटते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अळ्यांनी तिसरी कात टाकली. एकदम मोठ्या दिसायला लागल्या. पाला खाताना पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

आज विसर्जन. अप्पा सकाळपासून जेवले नाहीत, दर वर्षी जेवत नाहीत. आत्या माझी भाकरी घेऊन आल्या आणि दारात बसल्या. गावातून ढोल ऐकू येत होते. म्हणाल्या, "त्या साली बी असंच इसर्जन झालं, आन पहाटं भूकंप."

आजी आणि महारुद्र काका त्यात गेले हे मला माहीत आहे. घरात दोघांचा फोटो आहे. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

आत्या म्हणाल्या, "बैलं राखायला कोठ्यावर एक रात तुझा बाप, एक रात महारुद्र, अशी पाळी असायची. त्या रातची पाळी महारुद्राची. पण मिरवणुकीत नाचून त्याचं अंग तापलं. तुझा बाप म्हणला, तू घरी पड, मी जातो कोठ्यावर."

मग म्हणाल्या, "म्या सासरी व्हते. पोचले तवा दुसरा दिस उजाडला व्हता. तुझ्या बापाच्या धाही बोटांना चिंध्या बांधलेल्या व्हत्या."

मी विचारले, त्या वेळी बैल किती होते. आत्या म्हणाल्या, सहा. इतिहासासाठी लिहून ठेवतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काहीतरी चुकले आहे. चौथ्या खणातल्या अळ्या पाला खात नाहीत. काही तोंडातून हिरवे पाणी टाकतात. साठ मेल्या. काल फक्त सात होत्या, मी मनावर घेतले नाही. घ्यायला हवे होते.

तंबाखूशिवाय दुसरे कारण सुचेना. संध्याकाळी कडूबाई पाला टाकून वळल्या तेव्हा विचारले, "मावशी, हात धुतले होते का?"

"धुतले."

"खरं सांगा. तंबाखू मळली आणि तसाच पाला बांधला, असं झालं असेल."

 त्यांनी बाभळीवरची पिशवी काढून कनवटीला खोचली. "तुझ्या आज्जीच्या हातचं खाल्लंय म्या. तिनं कदी माझे हात हुंगले न्हाईत." आणि गेल्या.

मला आज दोन गोष्टींनी झोप येणार नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

मेलेल्या २१२. प्रत्येक रॅकच्या वेगळ्या मोजल्या आणि कोठ्याचा नकाशा काढून आकडे भरले. १८८ चौथ्या खणात. बाकीच्या त्याला लागून असलेल्या रॅकवर. आठव्या, नवव्या खणात एकही नाही. पाला तर सगळ्यांना एकाच भाऱ्यातला. म्हणजे कडूबाईंचा हात असता तर सगळीकडे मेल्या असत्या. हे मला काल कळायला हवे होते. आकडे कालही होते.

रणधीरला फोन केला. तो ईट गावचा, चार वर्षे रेशीम करतो. त्याने दहा प्रश्न विचारले. फवारणी? नाही. शेजाऱ्याची फवारणी? नाही. मग म्हणाला, "वर काय आहे? छताला?"

"माळवद. चौथा खण मीच नवा केलाय. फळ्या, लिंबाचा पाला, वर माती."

त्याने अकरावा प्रश्न विचारला.

"शंभू, लिंब म्हणजे कडुलिंब?"

"हो. वाळवीसाठी."

"अरे, लिंबाचं औषध मारून आपण कपाशीवरची अळी मारतो. ही काय वेगळी अळी आहे का?"

मी वर बघितले. फळ्यांच्या फटींतून सुकलेल्या पाल्याचा चुरा गळत होता. पानांवर पडला होता, मला दिसतही होता. मी त्याला धूळ समजलो. दारावर सगळ्या गोष्टी बंद असल्याची पाटी लावली आणि पाच भारे विष स्वतः डोक्यावरून वाहून वर चढवले.

"किती गेल्या?" रणधीरने विचारले.

"आज दोनशे बारा. पण चौथ्यातल्या सगळ्यांनीच खाल्लंय ते."

"त्या सोडून दे. शेजारच्या वाचव. उद्याच्या उद्या तो पाला काढ. परवा चौथी कात टाकून उठल्या की आधाशासारख्या खातील, तेव्हा चुरा पडायला नको."

अप्पांना अजून सांगितले नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज पुष्कळ झाले, क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला कडूबाईंच्या दारात गेलो. "मावशी, माझी चूक होती. तंबाखू नव्हती, लिंब होता. मीच घातलेला."

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. "मग आता?"

"चौथ्या खणाच्या बाजूच्या सगळ्या अळ्या हलवायच्या आहेत. मी एकटा आहे."

"पाया पड."

मी वाकलो. म्हणाल्या, "ऊठ, गंमत केली. सकाळच्या पारी रडू नको, चहा घे."

त्या आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, वर बघितले, पदर तोंडात धरला आणि आत पाऊल टाकले. आम्ही दोघांनी साडेदहापर्यंत सातशे-आठशे फांद्या अळ्यांसकट उचलून सहाव्या, आठव्या, नवव्या खणात नेल्या. चौथ्या खणातल्या पुरल्या. मधे ताडपत्री बांधली. त्या सारख्या बोलत होत्या, सुनेच्या तक्रारी, जावयाच्या तक्रारी. गप्प बसल्या असत्या तर बाहेर गेल्या असत्या असे मला वाटते.

अप्पा बैलांना पाणी दाखवायला आले तेव्हा सांगितले. सरळ सांगितले, काही लपवले नाही. चौथा खण मी बिघडवला, अळ्या मेल्या, आता वरचा पाला काढला नाही तर उरलेल्याही जातील. मला वाटले होते म्हणतील, सांगितलं होतं. त्यांनी विचारले, "चौथा म्हंजी कुठला?"

"दारातून डाव्या हाताचा. भिंतीकडचा."

अप्पा म्हणाले, "तिथं अंथरूण असायचं माझं."

मग त्यांनी चपला काढल्या, बाहेरची शिडी लावली आणि चढले. एकसष्ट वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो. मी खोरे घेऊन मागून चढलो आणि पुढे केले. त्यांनी घेतले नाही. खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती काढायला लागले. ओंजळ भरायची, मागे टाकायची. ओंजळ भरायची, मागे टाकायची.

"अप्पा, खोऱ्यानं लवकर होईल."

"खोरं नको. खाली लागतं."

"खाली कुणी नाही. अळ्यासुद्धा हलवल्या."

"व्हय," ते म्हणाले. पण हातानेच काढत राहिले. मधेच थांबायचे, मान वाकडी करून कान मातीजवळ न्यायचे, आणि परत सुरू करायचे. बोटांना खडे लागून रक्त आले. मी त्यांचा हात धरणार होतो, तेवढ्यात खालून कडूबाईंनी मला हाक मारली. शिडीपाशी आलो तर हळू म्हणाल्या, "बोलू नको त्येनला. तू बी हातानंच काढ."

मग मीही खोरे ठेवून दिले. आम्ही दोघे समोरासमोर बसून काढत होतो. दुपारी एक वाजता पाला लागला, काळपट हिरवा, वरचा थर अजून ओला. तो भारे करून खाली टाकला. शेवटी फळ्या उचलायच्या होत्या, फटींत चुरा अडकला होता म्हणून. पहिली फळी अप्पांनी उचलली आणि भोकातून खाली वाकून बघितले. खूप वेळ बघत राहिले. खाली रिकामी जमीन होती, ऊन पडले होते, आणि कडूबाई वर बघत उभ्या होत्या.

"कुणी न्हाय, हणमंतप्पा," त्या म्हणाल्या. "या खाली."

अप्पा उतरले, हौदावर हात धुतले आणि घरी जाऊन झोपले. संध्याकाळी उठलेच नाहीत. त्यांना एवढे दमवायला नको होते. मजूर बघायला हवा होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अळ्या चौथी कात टाकून उठल्या. आता दिवसरात्र खातात. कडूबाई आतच पाला घालतात. आज मेलेल्या अकरा.

३० सप्टेंबर, सोमवार

पहिल्या अळ्या पिवळसर झाल्या आणि मान वर करून डोलायला लागल्या. चंद्रिका अंथरल्या. या जाळ्यांत चढून अळ्या कोष विणतात. अप्पा सकाळी जुन्या गावात जाऊन आले. भूकंपाच्या तारखेला बरेच जण जातात. यंदा आत्याही गेल्या. परत आल्यावर दोघे बराच वेळ ओसरीवर बसले होते.

६ ऑक्टोबर, रविवार

कोष काढले. पांढरेशुभ्र, कानाजवळ हलवले की आत खुळखुळतात. वजन ६४ किलो. दीडशे अंडीपुंजांचे शंभरच्या पुढे भरायला हवे होते. रणधीर म्हणतो एवढे झाल्यावर ६४ पुष्कळ. पण अट त्याची नव्हती, अप्पांची होती.

रात्री सांगितले, "अप्पा, चौसष्ट भरले. शंभर यायला हवे होते. जमली असं म्हणता येत नाही."

आई म्हणाली, "एवढं खरं बोलायची काय गरज हाय रे?"

अप्पा उठून बाहेर गेले. दसरा शनिवारी आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

माणिकप्पा सकाळी नऊला टेम्पो घेऊन आले. सोबत दोन माणसे, पहारी, दोर. मी रॅक सोडवत होतो. रात्रीच चार सोडवले होते, कारण त्यांच्या माणसांनी ओढले असते तर वाकले असते.

माणिकप्पांनी उघड्या खणातून वर बघितले आणि हसले. "तुमी तर सुरवात बी केली, हणमंतप्पा. माझं काम हलकं केलं."

अप्पा दारात उभे होते. म्हणाले, "त्या खणाच्या फळ्या निघाल्यात, भाईर रचल्यात. त्या न्ह्या."

"आन बाकीचं?"

"बाकीचं ऱ्हाऊ द्या."

"फळ्या घिऊन काय करू मी, देव्हारा? सोळा खांबांचं बोलणं झालंय आपलं."

"झालं व्हतं. आता न्हाय म्हणतो. चहा घ्या आन जावा."

माणिकप्पा थोडे चिडले. पण चहा घेतला, फळ्या टेम्पोत टाकल्या, आणि जाताना मला म्हणाले, "तुझ्या बापाचं डोकं फिरलंय."  चौसष्टच किलो झाले असताना अप्पांनी असे का केले, ते मलाही कळलेले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही, उलट विचारले तर बदलतील अशी भीती वाटली.

मी सोडवलेले रॅक परत बसवायला घेतले. चौथ्या खणावर पुढच्या बॅचआधी पत्रे टाकावेत असे मनात होते, म्हणून मापे घेत होतो. बारा फूट बाय नऊ. टेपचे दुसरे टोक धरायला कुणी नव्हते. वळून बघितले तर अप्पांनी ते उचलले होते. उंबऱ्याच्या आत, चौथ्या खणात, उन्हात उभे होते.

"काय मापतोस?"

"पत्रा टाकायचाय. तुम्ही धरा नीट."

"पत्रा नको. हा खण उघडाच ऱ्हाऊ दे."

"उघडा कसा ठेवायचा? इथे काय करणार?"

"पाला निवडू. बसू." ते खांबाला पाठ लावून खाली बसले आणि गुडघा चोळायला लागले. डोक्यावर नुसते आभाळ होते. "माज्यासाठी एक पोतं टाक इथं."

मी पोते आणून टाकले. म्हटले, "आणि पाऊस आला तर?"

अप्पांनी वर बघितले. "आला तर सरकून बसू आत."